फटफटीचा कार्ब्युरेटर आणि सोनाराचें यंत्र



शाळेंतून निवृत्त झालेल्या मास्तरानें नभोवाणीवर बोलावयाचें म्हटलें म्हणजे विषय शुद्धलेखनाचा असावा, मुलांच्या संवयींचा असावा, फार झालें तर जुन्या काळच्या परीक्षांचा असावा, अशी आपली समजूत असणार. मी मात्र आज आपणांपुढें येत आहें तो मुठींत मावेल एवढ्या एका ओतीव धातूच्या तुकड्याची हकीकत घेऊन. मोटारसायकलीच्या इंजिनाला पेट्रोल आणि हवा यांचें मिश्रण पुरविणारा हा तुकडा. त्यास कार्ब्युरेटर म्हणतात. आमच्याकडील मिस्त्री ‘कार्बोरेटर’ म्हणतात, आणि घरीं मीही तसेंच म्हणतों. तो तुंबला, तो साफ करण्यासाठीं मीं एका सोनाराचें यंत्र आणलें, त्यांत स्वयंपाकघरांतील निरनिराळे पदार्थ पाण्यांत कालवून घालून पाहिले, एकदां चांगलाच फसलों, आणि अखेरीस काम साधलें. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस आहें, यंत्रविद्येचा पदवीधर नव्हें. तेव्हां जें हातानें केलें आणि मागाहून पुस्तकांशीं ताडून पाहिलें, तेवढेंच सांगेन.

ही फटफटी मीं २००० सालीं घेतली. त्या वेळीं माझी नेमणूक पाटण तालुक्यांतील एका वाडीवर होती, आणि बिऱ्हाड कऱ्हाडास होतें. कोयनेच्या खोऱ्यांतला पाऊस ज्यांनीं पाहिला आहे, त्यांस त्या रस्त्याचें वर्णन सांगावयास नको. एकोणीस वर्षें त्या शंभर सी. सी.च्या गाडीनें मला शाळेंत वेळेवर पोंचविलें. २०१९ सालीं मी निवृत्त झालों. पुढें २०२२ च्या पावसाळ्यांत माझ्या गुडघ्यानें दगा दिला, आणि गाडी पडवींत गोणपाटाखालीं उभी राहिली ती तीन वर्षें तशीच. टाकींत पेट्रोल होतें. तें काढून ठेवण्याची बुद्धि मला झाली नाहीं.

आतां ती पुन्हां कशास हवी झाली तें सांगतों. त्या वाडीच्या पलीकडल्या गांवीं माझ्या थोरल्या बहिणीचें, आक्काचें, घर आहे. तिचें वय ७६. मुलें मुंबईस, पण घर सोडून कोठें जाण्यास ती तयार नाहीं. एस. टी. दिवसांतून एकदांच जाते, आणि रात्रीं तिकडेच मुक्काम करते. आठवड्यांतून एकदां आक्काचीं औषधें पोंचवावयाचीं आणि तिचें सर्व ठीक आहे हें डोळ्यांनीं पाहून यावयाचें, हें काम गुडघा सुधारल्यावर साहजिकच मजकडे आलें. इकडे २०२५ च्या उन्हाळ्यांत गाडीच्या नोंदणीची मुदत संपत आली होती. खासगी दुचाकीची नोंदणी पहिल्यानें पंधरा वर्षांची असते, व पुढें दर पांच वर्षांनीं वाढवून घ्यावी लागते. त्यासाठीं गाडी अधिकाऱ्यांपुढें उभी करावी लागते, आणि धुराच्या तपासणीचा दाखला लागतो. गाडी मंद चालीवर नीट चालली नाहीं, तर दाखला नाहीं. दाखला नाहीं, तर नोंदणी नाहीं. आणि नोंदणी नाहीं, तर भंगार. माझ्या हातीं पंचवीस दिवस होते.

चिरंजीवांनीं पुण्याहून सांगितलें, “बाबा, ती काढून टाका, विजेवरची नवी घेऊं.” पण नव्या गाडीची किंमत लाखाच्या घरांत. ती मुलाकडून घ्यावी हें माझ्या मनास येईना, आणि माझ्या निवृत्तिवेतनांत ती बसेना.

मिस्त्रींनीं गाडी पाहिली. किक मारमारून त्यांचाही पाय दुखला असेल. कार्ब्युरेटर खोलून त्यांनीं नाकाशीं नेला आणि म्हणाले, “गुरुजी, हा मेला. नवा टाका.” मूळचा नवा कार्ब्युरेटर आतां सहजासहजीं मिळत नाहीं. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले, आणि त्यानंतरच्या नव्या गाड्यांत कार्ब्युरेटरची जागा बहुतेक सर्वत्र पेट्रोलची पिचकारी मारणाऱ्या विजेच्या योजनेनें घेतली. बाजारांत नकली मिळतात. तसा एक बसवून पाहिला. इंजिन एक तर ओरडे, नाहीं तर मरे. मधली चाल म्हणून नाहींच. तो परत केला आणि जुना तुकडा रुमालांत बांधून घरीं आणला.

कार्ब्युरेटर करतो काय, तें थोडक्यांत सांगणें भाग आहे. हवेच्या वाटेंत एक अरुंद गळा असतो. गळा अरुंद झाला कीं तेथें हवेचा वेग वाढतो आणि तिचा दाब उतरतो. व्हेंतुरी नांवाच्या इटालियन पंडितानें १७९७ सालीं आपल्या प्रयोगांत दाखवून दिलेली ही गोष्ट. दाब उतरला म्हणजे खालच्या वाटींतलें पेट्रोल एका बारीक पितळी तोटींतून वर ओढलें जातें आणि हवेंत तुषाररूपानें मिसळतें. या तोटीस जेट म्हणतात. जोराच्या चालीसाठीं मोठें जेट, आणि गाडी उभी असतां मंद चालीसाठीं लहान जेट. माझ्या गाडीच्या लहान जेटचें भोंक एक तृतीयांश मिलिमीटरच्या आसपास. शिवणाची सुई त्यांतून जाणार नाहीं. त्याच्यापुढें अंगांतच कोरलेल्या वाटा आहेत, आणि त्या गळ्यांत जेथें उघडतात तीं छिद्रेंही तशींच सूक्ष्म. माझ्या गाडीचें सारें दुखणें या लहान जेटमध्यें आणि त्या छिद्रांत होतें.

तेथें काय बसलें होतें? पेट्रोल म्हणजे एकच द्रव नव्हे. हलक्या-जड अशा कित्येक द्रवांचें तें मिश्रण आहे. गाडी उभी राहिली कीं हलके भाग उडून जातात. राहिलेल्यांपैकीं कांहींचा हवेंतील प्राणवायूशीं संयोग होऊन डिंकासारखा पदार्थ बनतो. आणि तो वाळला कीं लाकडावरील व्हार्निशासारखा कठीण, तपकिरी थर होतो. दुसरी गोष्ट, २०२२ पर्यंत आपल्या पेट्रोलांत दहा टक्के इथेनॉल, म्हणजे मद्यार्क, मिसळूं लागले होते. पुढें तें प्रमाण वीस टक्क्यांपर्यंत गेलें. मद्यार्क हवेंतली ओल शोषून घेतो. वाटींत ओल साचली कीं ॲल्युमिनियमवर आणि जस्तावर पांढरी बुकणी धरते, आणि पितळेवर हिरवा जंग चढतो. म्हणजे घाण एक नव्हती, तीन प्रकारची होती: तेलकट मळ, डिंकाचा थर, आणि धातूंचा जंग. हें मला त्या वेळीं कळलें असतें, तर पुढची फजिती झाली नसती.

अशा जेटमध्यें तार घालावी, असें कोणी सांगेल. माझ्या तरुणपणीं एका कारागिरानें माझ्या देखत पोलादी टांचणी घालून असेंच एक जेट ‘मोकळें’ केलें होतें. पितळ पोलादापेक्षां मऊ; भोंक मोठें झालें आणि ती गाडी तेव्हांपासून जन्मभर पेट्रोल पीत राहिली. तेव्हां तार नको, हें मीं मनाशीं पक्कें केलें होतें.

आमच्या गल्लीच्या तोंडाशीं सोनाराचें एक जुनें दुकान आहे. त्याच सुमारास घरांतून मंगळसूत्र उजळावयास द्यावयाचें होतें म्हणून मी तेथें बसलों होतों. त्यांच्याकडे पोळ्यांच्या डब्याएवढें एक यंत्र आहे. आंत पोलादाची टाकी, टाकींत कोमट पाणी. त्यांनीं मंगळसूत्र जाळींत घालून पाण्यांत सोडलें आणि कळ दाबली. सूं असा बारीक आवाज झाला, आणि काय सांगूं, वाट्यांच्या खांचांतून काळा मळ असा निघाला कीं जणूं उदबत्तीचा धूर पाण्यांत चालला आहे. जेथें ब्रशाचा केस जात नाहीं तेथून मळ निघत होता. माझ्या खिशांतला रुमाल मला आठवला.

“यांत घालतां काय?” मीं विचारलें.

“रिठ्याचें पाणी, गुरुजी, आणि भांडीं घासण्याच्या पातळ साबणाचे चार थेंब.”

गुरुवारीं त्यांचें दुकान बंद असतें. एका गुरुवारीं यंत्र घरीं नेण्यास त्यांनीं परवानगी दिली ती दोन अटींवर. यंत्र तीन वेळां धुवून परत द्यावयाचें, आणि पेट्रोल, स्पिरिट, थिनर असा जळणारा एकही थेंब त्यांत घालावयाचा नाहीं. दुसरी अट श्रोत्यांनींही पाळावी. यंत्र आपण होऊन तापतें, द्रवाची वाफ होते, आणि खालीं विजेची योजना असते. असें पेटलेलें घर विझविण्यास पाण्याचा बंब लागेल.

यंत्रांत होतें काय? टाकीच्या तळाशीं एक विशिष्ट जातीची चकती चिकटविलेली असते. विजेचा दाब बदलला कीं ती किंचित् फुगते आणि आकसते. या गुणाचा उलट प्रकार, म्हणजे दाबल्यानें स्फटिकांत वीज उत्पन्न होणें, प्येर क्युरी आणि त्याचा भाऊ झाक यांनीं १८८० सालीं शोधून काढला. पहिल्या महायुद्धांत लांजव्हँ या फ्रेंच शास्त्रज्ञानें पाण्याखालच्या पाणबुड्या हुडकण्याकडे त्याचा उपयोग केला. आमच्या यंत्रांतील चकती सेकंदास सुमारें ४०,००० वेळां कांपते. मनुष्याच्या कानास २०,००० च्या वर ऐकूं येत नाहीं, माझ्या वयाच्या कानास तर त्याहून पुष्कळ कमी. आमची मांजर मात्र यंत्र सुरू होतांच उठून माळ्यावर गेली ती संध्याकाळपर्यंत खालीं आली नाहीं.

या कंपनानें पाणी क्षणांत ताणलें जातें आणि क्षणांत दाबलें जातें. ताणलें असतां त्यांत डोळ्यांस न दिसणारे पोकळ बुडबुडे तयार होतात. दाब येतांच ते फुटून मिटतात. मिटतांना चहूंकडून पाणी त्या पोकळींत धांवतें, आणि जवळ धातूचा पृष्ठभाग असेल तर पाण्याची एक अत्यंत सूक्ष्म सुई त्यावर आदळते. आगबोटींच्या पंख्यांना असल्या बुडबुड्यांनीं खड्डे पडत, आणि लॉर्ड रॅले यानें १९१७ सालीं तो मिटणारा बुडबुडा केवढा दाब उत्पन्न करतो याचें गणित मांडलें. जी गोष्ट जहाजाचा पंखा खाते, तीच आमच्या कामाची.

मास्तराला फळ्यावर गणित केल्याशिवाय चैन पडत नाहीं. पाण्यांत ध्वनि सेकंदास सुमारें १५०० मीटर जातो. १५०० ला ४०,००० नें भागिलें म्हणजे एका लहरीची लांबी पावणेचार सेंटिमीटर येते. अर्थात् टाकींत दर पावणेदोन-दोन सेंटिमीटरवर जोराची जागा आणि मधें मंदाची जागा असणार. घरांत पोळ्या गुंडाळण्याचा ॲल्युमिनियमचा पातळ कागद असतो; त्याचा तुकडा मीं पाण्यांत मिनिटभर उभा धरला. त्यावर टांचणीनें टोंचल्यासारखीं भोंकें पडलीं, आणि तीं पट्ट्यापट्ट्यांनीं होतीं. गणित बरोबर आल्याचा आनंद या वयांतही होतो. त्यावरून दोन गोष्टी समजल्या. वस्तु एके जागीं न ठेवतां मधून मधून हलवावी. आणि ती तळावर टेंकूं न देतां जाळींत किंवा तारेनें लोंबती ठेवावी.

नळाच्या ताज्या पाण्यांत हवा विरलेली असते. ती बुडबुड्यांचा मार चोरते. म्हणून वस्तु घालण्यापूर्वीं यंत्र पांच-दहा मिनिटें नुसतेंच चालवावें. पाणी ५०-६० अंशांपर्यंत गरम असावें. उकळीजवळ गेलें तर बुडबुड्यांत वाफ भरते आणि फटका मऊ पडतो.

आतां प्रत्यक्ष काम. कार्ब्युरेटर खोलतांना मीं वहींत प्रत्येक भागाचें चित्र काढलें, आणि हवेचा स्क्रू पूर्ण बंद होईपर्यंत किती फेरे आंत जातो तें मोजून लिहून ठेवलें. तें न लिहिल्यास पुढें सगळा अंदाजाचा कारभार होतो. रबराच्या कड्या, फ्लोट आणि त्याची सुई बाजूस काढली. त्यांस यंत्रांत घालावयाचें नाहीं. बाहेरचा चिखल अंगणांत डिझेलनें ब्रश मारून काढला, साबणानें धुतला, वाळविला. मग टाकींत गरम पाणी आणि पातळ साबणाचे थेंब, बस्स. दहा मिनिटांत पाणी चहासारखें झालें. तेलकट मळ गेला. बाहेरून तुकडा उजळला. पण लहान जेट सूर्याकडे धरलें तर आंत अंधारच.

येथें माझा धीर सुटला. साबणानें जें होत नाहीं तें सोड्यानें होईल, असा मीं तर्क केला. धोब्याच्या भट्टींत सोडा नसतो काय! धुण्याच्या सोड्याचे दोन चमचे टाकले, पाणी चांगलें तापविलें, यंत्र चालूं केलें आणि वर्तमानपत्र घेऊन बसलों. अर्ध्या तासानें पाहतों तों पाण्यांतून बारीक फुगे येत आहेत, आणि कार्ब्युरेटरचें सर्व अंग काळेंठिक्कर. पंचवीस दिवसांपैकीं बरेच गेले होते. बाजारांत दुसरा नव्हता. मी तो हातांत धरून ओसरीवर बसलों, आणि खरें सांगावयाचें तर त्या घटकेस आक्काचें गांव मला फार लांब वाटलें.

घरांतून सौभाग्यवती बाहेर आल्या. त्यांनीं तुकड्याकडे पाहिलें, टाकींतील पाण्यांत बोट बुडवून चोळून पाहिलें, आणि म्हणाल्या, “अहो, ॲल्युमिनियमच्या पातेल्यांत सोड्याचें पाणी कोणी उकळतें का? लग्नाच्या पहिल्या वर्षीं मीं तुमच्या आईंचें पातेलें असेंच काळें केलें होतें.”

छत्तीस वर्षें शिकविलें, पण हें मला ठाऊक नव्हतें. सोडा अल्कली आहे. तेल आणि घामाचा मळ तो कापतो, पण ॲल्युमिनियम आणि जस्तही तो खातो. त्यावेळीं जे फुगे निघतात ते हैड्रोजन वायूचे. कार्ब्युरेटरचें अंग ॲल्युमिनियमच्या किंवा जस्ताच्या मिश्रधातूचेंच ओतलेलें असतें. पेढीवरच्या सोन्यास सोड्यानें कांहीं होणार नाहीं, म्हणून यंत्रास दोष नाहीं. यंत्र नुसतें हलवितें. धुतें तें पाणी.

मग मीं वही पुढें ओढली, आणि सौभाग्यवतींनीं स्वयंपाकघरांतली सारी विद्या सांगितली. पितळेच्या आणि तांब्याच्या भांड्यांना चिंच किंवा लिंबू. हिरवा जंग त्यानेंच जातो. पण आंबट पदार्थ भांड्यावर फार वेळ ठेवूं नये, पितळ तांबूस पडते. हेंही शास्त्रास धरून आहे. आम्ल पितळेंतील जस्त आधीं खातें, तांबें मागें राहतें. ॲल्युमिनियमला आंबट ठेवावयाचें नाहीं, सोडाही नाहीं. साबण आणि गरम पाणी. खाण्याचा सोडा धुण्याच्या सोड्याहून पुष्कळ सौम्य, तो आंबटपणा मारावयास थोडा वापरावा. आणि डिंकासारखें चिकटलेलें जें असेल, तें पाण्यानें नाहींच जाणार. जुन्या तेलाच्या किटलीवरचा पिवळा थर काय पाण्यानें जातो? ही शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची ठरली.

शेजारच्या बाईंना यंत्राची बातमी तोंवर लागली होती. त्या नथ घेऊन आल्या. त्यांस मीं नाहीं म्हटलें, आणि आपणांसही सांगून ठेवतों. मोतीं, पाच, पोंवळें असलें कांहीं अशा यंत्रांत घालूं नये. सोनें आणि हिरा सोसतो. मोत्याचा थर सोसत नाहीं.

यंत्र त्या संध्याकाळीं परत गेलें. पुढचा गुरुवार येईपर्यंत डिंकाकडे पाहिलें. त्यासाठीं कार्ब्युरेटर साफ करण्याचा फवारा बाजारांत मिळतो. तो घरगुती नव्हे, हें कबूल. पण डिंकाला घरांत औषध नाहीं, हेंही खरें. अंगणांत, वाऱ्याकडे पाठ करून, विस्तवापासून दूर, डोळ्यांवर चष्मा आणि हातांत मोजे घालून, प्रत्येक वाटेंत मीं तो मारला आणि रात्रभर तसेंच ठेवलें. सकाळीं पुन्हां मारला. मग सर्व भाग दोन दिवस उन्हांत ठेवले, इतके कीं फवाऱ्याचा वास मुळींच राहूं नये. कारण तो द्रव जळणारा आहे, आणि सोनाराची अट मला आठवत होती.

दुसऱ्या गुरुवारीं कार्ब्युरेटरचें अंग साबणाच्या पाण्यांत, आठ आठ मिनिटें, तीन वेळां पाणी बदलून. फवाऱ्यानें मऊ झालेला डिंक आतां तपकिरी धाग्यांसारखा बाहेर आला. पितळी जेटें निराळीं काढलीं. सोनारानेंच ही युक्ति सांगितली होती. टाकींत साधें पाणी भरावें, त्यांत काचेचा लहान पेला उभा ठेवावा, आणि आपला द्रव फक्त पेल्यांत घालावा. कंपन कांचेंतून आंत जातें. पेलाभर पाण्यांत लिंबूसत्त्वाचा एक लहान चमचा, त्यांत जेटें, पांच मिनिटें. घड्याळ समोर ठेवून. हिरवा जंग गेला, पितळ पिवळी राहिली. लगेच चिमूटभर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यांत बुडविलीं, मग साध्या पाण्यांत. आमच्या विंधनविहिरीच्या पाण्यांत क्षार फार. तें छिद्रांत वाळलें तर पुन्हां खडा बसावयाचा. म्हणून अखेरचें धुणें बॅटरींत घालण्याच्या शुद्ध पाण्यानें केलें. काळ्या पडलेल्या अंगालाही लिंबूसत्त्वाच्या पातळ पाण्यांत मिनिटभर फिरविलें. थोडा उजळला, मूळचा रंग गेला तो गेलाच. वाटा वाळविण्यास दाबाची हवा लागते. आमच्याकडे सायकलचा पंप होता.

लहान जेट सूर्याकडे धरलें. आंत मोहरीच्या टोंकाएवढा, वाटोळा, स्वच्छ उजेड दिसला. मीं तें सौभाग्यवतींच्या डोळ्यापुढें धरलें. त्या म्हणाल्या, “दिसलें. आतां चहा घ्या.”

वहींतील चित्रें पाहून सर्व जोडलें. तिसऱ्या किकेस गाडी सुरू झाली. पण मंद चालीवर ती अजून दम लागल्यासारखी चालत होती, आणि मिनिटभरानें बंद पडे. जेट मोकळें, मग पुढची वाट बंद असणार. हवेचा स्क्रू काढून त्याच्या भोंकांत साबणाचें पाणी पिचकारीनें सोडलें. गळ्यांतील तीन छिद्रांपैकीं दोहोंतून धार आली, तिसऱ्यांतून नाहीं. ही परीक्षा मीं आधींच करावयास हवी होती. एवढ्या सोप्या परीक्षेवांचून दोनदां खोलाखोल झाली. सोनाराकडे जाऊन गुरुवार नसतांही एका तासापुरतें यंत्र मागितलें. दुपारच्या जेवणाच्या वेळीं त्यांनीं तें दुकानाच्या मागच्या ओट्यावर लावूं दिलें. फवारा, वाळवण, पुन्हां साबणाचें पाणी, आणि या खेपेस तुकडा दर दोन मिनिटांनीं बोटभर सरकवीत राहिलों, म्हणजे जोराची लहर त्या छिद्रावर केव्हां तरी येणारच. चवथ्या पाण्यास त्या छिद्रांतून काळा ठिपका निघाला आणि मागून धार आली. सोनाराचा नोकर भाकरी टाकून पाहावयास आला होता.

मुदतीस चार दिवस राहिले असतां धुराची तपासणी झाली. तपासणी करणाऱ्या मुलानें नळी धूर येण्याच्या जागीं घातली, पडद्याकडे पाहिलें, पुन्हां पाहिलें आणि विचारलें, “आजोबा, गाडी २००० ची ना?” नोंदणी पांच वर्षांनीं वाढली. मिस्त्रींनीं काळा कार्ब्युरेटर पाहून प्रथम कपाळास हात लावला. मग गाडी उभी करून दहा मिनिटें मंद चालीवर चालूं ठेवली आणि मला म्हणाले, “गुरुजी, तें लिंबाचें प्रमाण लिहून द्या.” मीं लिहून दिलें, आणि सोड्याच्या ओळीखालीं दोन रेघा ओढल्या.

यंत्र मीं तीन नव्हे, पांच वेळां धुवून दिलें. तरी दुसऱ्या दिवशीं सोनारांनीं टाकीशीं नाक नेलें आणि माझ्याकडे पाहिलें. त्या आठवड्यांत त्यांनीं गिऱ्हाइकांचे दागिने हातानेंच उजळले, असें मला मागाहून समजलें.

शनिवारीं आक्काकडे गेलों. औषधांची पिशवी घेण्याआधीं ती ओट्यावरून खालीं उतरली आणि गाडीच्या टाकीवरून हात फिरविला. “आवाजावरून ओळखली,” एवढेंच म्हणाली.

आतां गाडी उभी ठेवावयाची झाली कीं टाकीचा कॉक बंद करतों, इंजिन आपण होऊन थांबेपर्यंत चालूं देतों, आणि वाटीच्या तळाचा लहान स्क्रू सैल करून उरलेलें पेट्रोल बाटलींत काढून घेतों. त्या पावसाळ्यांत आक्काच्या गांवचा रस्ता खचला आणि सहा आठवडे गाडी जागची हलली नाहीं. रस्ता सुरू झाल्यावर कॉक उघडला, मिनिटभर थांबलों आणि किक मारली. दुसऱ्या किकेस सुरू झाली.